कोल्हापुरात मुक्काम कुठे? आधी घड्याळ बघा, मग नकाशा

"देवळाजवळ एखादी खोली बघून ठेवा." कोल्हापूरला यायचं ठरलं की बाहेरगावच्या पाहुण्यांचा पहिला निरोप हाच असतो. आम्ही लगेच हो म्हणत नाही. आधी चार गोष्टी विचारून घेतो. कशाने येताय? किती वाजता पोचताय? पहिल्या सकाळी कुठे आणि किती वाजता हजर व्हायचंय? बरोबरच्या वडीलधाऱ्यांना जिना चढवतो का? या चार उत्तरांवर पेठ ठरते. भाडं, एसी, नाश्ता हे सगळं त्यानंतर.

कोल्हापूर काही फार पसरलेलं नाही. मध्यवर्ती बसस्थानकापासून अंबाबाईचं देऊळ साधारण तीन किलोमीटर, देवळापासून रंकाळा चालत वीसेक मिनिटं, राजारामपुरीतून देवळापर्यंत रिक्षाने दहा-पंधरा मिनिटं. अंतरापायी इथे कुणाचा खोळंबा होत नाही. खोळंबा होतो तो पहाटे रिक्षा मिळत नाही म्हणून, बोळात गाडी शिरत नाही म्हणून, सकाळी सहाला पोचून दुपारी बारापर्यंत खोली मिळत नाही म्हणून. नकाशावर हे काहीच दिसत नाही. तिथे फक्त "मंदिरापासून ६०० मीटर" दिसतं, आणि लोक त्या आकड्यावर पैसे भरून मोकळे होतात.

देवळाच्या आसपास राहणं खरोखर कुणाला फायद्याचं? पहाटेच्या काकड आरतीला जायचं असेल त्याला. देवळाचे दरवाजे साडेचारच्या सुमारास उघडतात. त्या वेळी महाद्वार रोडवर झाडू मारल्याचा आवाज, फुलवाल्यांनी सोडलेले हाऱ्यांचे दोर आणि घंटा, एवढंच असतं. चपला खोलीवरच ठेवून अनवाणी पाच मिनिटांत गाभाऱ्यासमोर उभं राहता येतं. शुक्रवारी रात्रीची पालखी बघायची असेल तरीही इथेच राहावं, कारण पालखी झाल्यावर म्हातारी माणसं आणि झोपाळलेली पोरं घेऊन रिक्षा शोधत फिरावं लागत नाही. या दोन कारणांसाठी बाकीची सगळी गैरसोय सोसायला हरकत नाही.

गैरसोय मात्र आहे, आणि ती आधी माहीत असलेली बरी. देवळाभोवतीची बरीच यात्री निवासं म्हणजे जुनी घरं पाडून किंवा त्यावर मजले चढवून केलेल्या इमारती. जागा अरुंद, त्यामुळे जिना उभा. पायऱ्या उंच, वळणावर एका बाजूला निमुळत्या, आणि कठडा एकाच अंगाला. सुटकेस घेऊन चढणाऱ्याला खाली येणाऱ्यासाठी भिंतीला टेकून उभं राहावं लागतं. "लिफ्ट आहे" म्हणून सांगितलं तरी ती पहिल्या मजल्यापासून सुरू होत नाही ना, हे विचारायला लागतं. रस्त्यावरून लिफ्टपर्यंत दहा-बारा पायऱ्या असणं इथे नेहमीचं आहे. गुडघ्याचं दुखणं असलेल्या माणसाला दिवसात चार वेळा हा जिना चढायला लावायचा, तर त्यापेक्षा दोन किलोमीटर लांबची लिफ्टवाली खोली कधीही बरी.

दुसरी अडचण गाडीची. फोनवर "चारचाकी दारात येते का?" असं विचारलं की उत्तर येतं, "येतीय की, बोळाच्या तोंडापर्यंत येतीय." बोळाचं तोंड आणि दार यांत दीडशे-दोनशे पावलं असू शकतात, आणि तोंडाशी गाडी थांबवून सामान उतरवायला जेमतेम दोन मिनिटं मिळतात. मग गाडी घेऊन पार्किंग शोधायला निघायचं. "पार्किंग उपलब्ध" या दोन शब्दांवर आमचा विश्वास आता उरलेला नाही. एका ठिकाणी हे शब्द वाचून कुटुंबाला पाठवलं आणि पार्किंग निघालं बिंदू चौकातलं, म्हणजे सगळ्या गावासाठी असलेलं. तेव्हापासून प्रश्न बदलला: "गाडी तुमच्या आवारात लागते का, किती गाड्या मावतात, रात्री दहानंतर आलो तर जागा मिळते का?" यातल्या तिसऱ्या प्रश्नावर समोरचा अडखळला की समजून जायचं.

नवरात्रात तर या भागाचा हिशेबच वेगळा. भवानी मंडपापासून रांगा लागतात, महाद्वार रोड आणि ताराबाई रोडवर बॅरिकेड पडतात, आणि खोली आरक्षित असली तरी मिरजकर तिकटी (तिकटी म्हणजे तीन रस्ते मिळतात ती जागा) किंवा बिंदू चौकापासून सामान हातात घेऊन चालत जावं लागतं. अष्टमीच्या रात्री देवीची नगरप्रदक्षिणा निघते. ती बघायची म्हणून आलेल्यांनी जवळच राहावं, बाकीच्यांनी त्या रात्री लांब राहावं. गणपती विसर्जनाची मुख्य मिरवणूकही मिरजकर तिकटी, बिनखांबी गणेश मंदिर, महाद्वार रोड, पापाची तिकटी, गंगावेश अशीच जाते आणि रात्रभर चालते. त्या मार्गावर रस्त्याकडेची खोली घेतली तर झोपेचं नाव काढू नये. लहान बाळ बरोबर असेल तर तो दिवस टाळाच.

किरणोत्सवासाठी येणाऱ्यांचं उलट आहे. ३१ जानेवारी, १ आणि २ फेब्रुवारी, तसंच ९, १० आणि ११ नोव्हेंबर या तारखांना मावळतीची किरणं महाद्वारातून आत येतात. म्हणजे गर्दी संध्याकाळची. सकाळी रिक्षाने येऊन दर्शन उरकायचं, दुपारी खोलीवर विश्रांती घ्यायची आणि चार वाजता परत यायचं, हे कुठल्याही पेठेतून जमतं. त्यासाठी देवळालगतच्या खोलीला जादा भाडं मोजायची गरज नाही.

आता स्टँड परिसर, म्हणजे शाहूपुरी. एसटीने, रेल्वेने किंवा ट्रॅव्हल्सने येणाऱ्या आणि एकच रात्र राहणाऱ्या माणसाला आम्ही बिनदिक्कत इथे पाठवतो. लॉज एकाला लागून एक, खाणावळी जवळ, रिक्षा रात्री-अपरात्रीही मिळते. एक खोली पसंत पडली नाही तर दहा पावलांवर दुसरी बघता येते, ही सोय गावात दुसरीकडे कुठे नाही. आवाजाचा त्रास असतो तो रस्त्याकडेच्या खोल्यांना: गाड्यांचे हॉर्न, स्टँडवरच्या घोषणा, पहाटे चारपासून रिक्षावाल्यांच्या हाका. मागच्या बाजूची खोली मागितली की निम्मा त्रास जातो, फक्त तिला खिडकी आहे की नुसता डक्ट, ते आत जाऊन बघावं. कुटुंब बरोबर असेल तर खोलीआधी खालचा काउंटर बघा. तिथे बायाबापड्या, पोरंबाळं असलेली कुटुंबं बसलेली दिसली की निर्धास्त व्हावं.

या भागात येणाऱ्याची खरी पंचाईत वेळेची होते. मुंबईहून रात्री निघालेल्या ट्रॅव्हल्स भल्या पहाटे कावळा नाका, ताराराणी चौक इथे उतरवतात. महालक्ष्मी एक्सप्रेसही सकाळीच पोचते. मोठ्या हॉटेलांचा चेक-इन मात्र दुपारी बाराचा. म्हणून बुकिंग करताना एकच शब्द विचारायचा: चेकआऊट चोवीस तासांचा की बाराचा? चोवीस तासांचा असेल तर सकाळी सहाला घेतलेली खोली दुसऱ्या दिवशी सहाला सोडायची असते. रात्री नऊच्या सुमाराच्या गाडीने त्याच दिवशी परतणाऱ्याला ही व्यवस्था सगळ्यात स्वस्त पडते. बाराचा असेल आणि तुम्ही सहाला पोचत असाल तर आदल्या रात्रीचं भाडं लागेल का, हे आधी बोलून घ्या. नुसती अंघोळ उरकून दर्शनाला जायचं असेल तर तीन-चार तासांपुरती खोली शाहूपुरीत मिळते, पण ती समोर उभं राहून ठरवावी लागते. ऑनलाइन तसं काही दिसत नाही.

रेल्वे रुळांच्या पलीकडे राजारामपुरी. दोन-तीन रात्री राहणाऱ्या कुटुंबाला आमची पहिली पसंती हीच. गल्ल्यांना नंबर आहेत, त्यामुळे नवखा माणूस चुकत नाही. रस्ते सरळ, मेन रोडला औषधाच्या दुकानापासून कपड्यांपर्यंत सगळं, जेवायला शाकाहारी-मांसाहारी दोन्ही. देवळाकडे जायला बागल चौक, उमा टॉकीज असा रस्ता आहे. शिवाजी विद्यापीठात परीक्षेला किंवा मुलाखतीला येणाऱ्यांनीही इथेच उतरावं. विद्यापीठ शहराच्या पूर्वेला आहे. देवळाजवळ राहिलात तर सकाळी शाळा-कॉलेजच्या गर्दीत अख्खं गाव आडवं ओलांडावं लागतं. राजारामपुरी, टाकाळा, सागरमाळ या बाजूने तो सगळा भाग टळतो.

एकच गोष्ट लक्षात ठेवायची, परीख पूल. स्टँडकडून राजारामपुरीत यायला रुळांखालून हा बोगदा आहे. मोठा पाऊस झाला की त्यात पाणी साठतं. मग रिक्षा लांबून वळसा घालून जाते आणि भाडंही वाढतं. पावसाळ्यात गाडी किंवा एसटी पकडायची असेल तर राजारामपुरीतून वीस-पंचवीस मिनिटं आधी निघा.

ताराबाई पार्क, नागाळा पार्क हे झाडीचे, शांत भाग. स्वतःची गाडी असेल, हॉटेलचं आवार हवं असेल, झोप महत्त्वाची असेल तर उत्तम. पण पहाटे साडेचारला इथल्या आतल्या रस्त्यांवर रिक्षा फिरकत नाही. काकड आरतीचा बेत असेल तर आदल्या संध्याकाळीच एखाद्या रिक्षावाल्याशी वेळ ठरवून त्याचा नंबर घेऊन ठेवावा. वॉचमनला सांगितलं तर तोही गाठ घालून देतो. लग्नसराईत अजून एक चौकशी करावी लागते: हॉटेलला लागून लॉन किंवा मंगल कार्यालय आहे का? असलं तर तिथी बघूनच खोली घ्या. लग्नघरचे लोक मजलेच्या मजले घेतात, आणि उरलेल्या खोल्यांना वाजंत्रीही ऐकावी लागते.

लक्ष्मीपुरी, दसरा चौक, सीपीआर (इथलं मोठं सरकारी रुग्णालय) या पट्ट्याकडे पूर्वी आम्ही फक्त दवाखान्याच्या कामासाठी येणाऱ्यांना पाठवायचो. पेशंटच्या नातेवाइकांना रात्री दोन फेऱ्या माराव्या लागतात, तेव्हा चालत जाण्याएवढं अंतर हवं; स्वस्त, साधी, पण गरम पाणी चोवीस तास मिळेल अशी खोली त्यांच्यासाठी बघायची. आता तिथली मागणी बदलली आहे. १८ ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाच्या सर्किट बेंचचं काम सीपीआरसमोरच्या जुन्या न्यायालयाच्या इमारतीत सुरू झालं. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग अशा सहा जिल्ह्यांचे पक्षकार आणि वकील इथे येतात. त्यामुळे सोमवार ते शुक्रवार या भागात आयत्या वेळी खोली मिळेल हे गृहीत धरू नका. रविवारी रात्री मुक्कामाला येणाऱ्या पक्षकारांनी तर आधीच फोन करावा. बाहेरून आलेल्यांच्या राहण्याची चिंता या चौकाला नवी नाही. शाहू महाराजांच्या काळात १९०१ पासून वेगवेगळ्या समाजांच्या मुलांसाठी वसतिगृहं उभी राहिली, आणि त्यातल्या जैन आणि मुस्लिम बोर्डिंगच्या इमारती आजही दसरा चौकाच्या आजूबाजूला दिसतात. खेड्यातून शिकायला आलेल्या पोराला गावात डोकं टेकायला जागा नसते, हे ज्या राजाने ओळखलं त्याच्या गावात पाहुण्याची आबाळ होऊ नये, असं आम्हाला मनापासून वाटतं.

रंकाळ्याकाठी राहायचं ते सकाळ-संध्याकाळ फिरण्यासाठी, आणि पुढे गगनबावड्याच्या दिशेने जायचं असेल तर. त्या बाजूच्या एसटी रंकाळा स्टँडवरून मिळतात आणि फुलेवाडीतून गाडी शहराबाहेर लगेच पडते. शनिवार-रविवार संध्याकाळी चौपाटीच्या बाजूला गाडी लावायची पंचाईत होते. बाकी जागा सुरेख.

हायवेलगतची हॉटेलं, उचगाव, सरनोबतवाडी, शिरोली या बाजूची, फक्त वाटसरूंसाठी. बेंगळुरूहून पुण्याला निघालेल्याने रात्री थांबावं, कणेरी मठ बघायचा असेल त्याने थांबावं. देवदर्शनाला आलेल्याने थांबू नये. प्रत्येक फेरीला शहरात शिरायचं आणि बाहेर पडायचं यातच दिवस जातो.

पुढच्या दिवसाची दिशा हा प्रश्न लोक विसरतात, म्हणून आम्ही मुद्दाम विचारतो. कोल्हापूरला आलेलं कुटुंब सहसा एका देवळावर थांबत नाही. जोतिबा आणि पन्हाळा वायव्येला, शिवाजी पुलावरून. त्यासाठी दसरा चौक, नागाळा पार्क सोयीचं. नृसिंहवाडी आणि खिद्रापूर पूर्वेला. त्यासाठी ताराराणी चौक, कावळा नाका, राजारामपुरी. आदमापूरला बाळूमामांकडे जायचं तर गारगोटीच्या वाटेने. त्यासाठी संभाजीनगर, कळंबा बाजू. तिन्हीकडे जायचं असेल तर दोन रात्री एकाच ठिकाणी आणि स्टँडच्या जवळ. इथे तिथी बघायला विसरू नका. अमावास्येला आदमापूर, पौर्णिमेला नृसिंहवाडी आणि चैत्र पौर्णिमेला जोतिबाची यात्रा. त्या दिवसांत कोल्हापुरातल्या खोल्याही भरतात, कारण दर्शन तिकडे आणि मुक्काम इकडे असं बरेच जण करतात.

पावसाळ्याबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण इथे चूक झाली तर ती नुसत्या गैरसोयीवर भागत नाही. पंचगंगेची पातळी राजाराम बंधाऱ्यावर मोजतात. इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३ फूट. जुलै-ऑगस्टमध्ये यायचं असेल तर निघण्याच्या आदल्या दिवशी हा आकडा बघायचा, आणि नुसता आकडा बघून थांबायचं नाही; काल किती होता आणि आज किती, हे बघायचं. पातळी चढती असेल तर बेत पुढे ढकला. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात व्हीनस कॉर्नर, शाहूपुरीतली कुंभार गल्ली, नागाळा पार्कचा सखल भाग आणि शुक्रवार पेठेपर्यंत पाणी आलं होतं. कारण साधं आहे: नदी फुगली की जयंती नाल्याचं पाणी नदीत जायचं थांबतं आणि उलटं शहरात पसरतं. म्हणजे नदीपासून लांब दिसणारं हॉटेलही नाल्याकाठी असेल तर सुरक्षित नाही, आणि नकाशावर नाला कुणी बघत नाही. शिरोलीजवळ राष्ट्रीय महामार्ग दोन्ही वेळा बंद पडला. केर्लीजवळ पाणी आलं की पन्हाळ्याचा रस्ताही बंद होतो. त्या दोन महिन्यांत आम्ही पाहुण्यांना राजारामपुरीतच ठेवतो. ती उंचावर आहे. तळमजल्याची खोली आणि तळघरातलं पार्किंग, दोन्हीला नकार द्यायचा.

पेठ ठरली की मग फोन. दोन किंवा तीनच ठिकाणं निवडायची आणि प्रत्येकाला दुपारी दोन ते चारच्या मध्ये फोन करायचा. सकाळी खोल्या सोडायची घाई असते, संध्याकाळी नवीन गिऱ्हाईक. दुपारी मॅनेजर नीट बोलतो. माणसं किती, त्यात मुलं किती आणि त्यांची वयं सांगायची, जादा गादीचे पैसे विचारायचे. गरम पाणी सोलरचं की गिझरचं? सोलरचं असेल आणि तुम्हाला पहाटे चारला अंघोळ करायची असेल तर पावसाळ्यात गार पाणीच मिळतं. शौचालय भारतीय की कमोड, हा प्रश्न विचारायला लोक संकोचतात. आजी-आजोबा बरोबर असतील तर तो पहिला विचारावा. मग व्हॉट्सअ‍ॅपवर व्हिडिओ मागवायचा, पण खोलीचा नव्हे. रस्त्यापासून खोलीच्या दारापर्यंत चालत केलेला. दोन मिनिटांच्या त्या चित्रणात बोळ, पायऱ्या, लिफ्ट, काउंटर सगळं कळतं. खोलीचे फोटो सगळ्यांचेच छान असतात.

सांगितलेलं भाडं जीएसटीसह की जीएसटी वेगळा, हेही तेव्हाच विचारा. २२ सप्टेंबर २०२५ पासून दिवसाला ७,५०० रुपयांपर्यंतच्या खोलीवर ५ टक्के कर आहे. कुणी अजून जुने १२ टक्के लावत असेल तर बिल मागून घ्या. सगळ्या मोठ्या माणसांची ओळखपत्रं लागतात, एकाचं दाखवून भागत नाही. ॲडव्हान्स दिला की खोली नंबर नाही तर निदान मजला तरी लिहून घ्या. "पहिला मजला" असं तोंडी ठरलेलं तिसऱ्यावर गेल्याचं आम्ही एकापेक्षा जास्त वेळा पाहिलंय.

शेवटचा प्रश्न पत्त्याचा. लॉजचं नाव रिक्षावाल्याला माहीत असेलच असं नाही. महालक्ष्मी, अंबाबाई, करवीर ही नावं गावभर आहेत, आणि नावात महालक्ष्मी असलेलं लॉज देवळापासून चार किलोमीटरवरही असू शकतं. म्हणून मॅनेजरला विचारायचं, "जवळची तिकटी कुठली, तालीम कुठली, टॉकीज कुठली?" तो जे सांगेल ते कागदावर लिहून ठेवा आणि स्टँडवर उतरल्यावर रिक्षात बसताना तेच वाचून दाखवा. टॉकीज कधीची बंद पडलेली असली तरी चालते. रिक्षावाला बरोबर तिथेच आणून सोडतो.